किल्ल्याची कॅसेट तुमच्याकडंच राहिली

पाव्हणं,

तुमच्या दहाव्याला एवढी माणसं आली, की विट्यात तुमच्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. कोइमतूरहून तर एक अख्खी गाडी भरून आली होती. तुमच्या तिथल्या दुकानाशेजारची मंडळी. मराठी मोडकंतोडकं, पण रडणं एकदम खरं. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून त्यांच्याकडं बघत होतो, आणि मनात पहिला विचार कुठला आला सांगू? आपल्या वेळी यातली निम्मी तरी येतील का? कारखान्यातले उरलेसुरले निवृत्त, गल्लीतले शेजारी आणि सुमनच्या भजनी मंडळातल्या बायका. संपलं. माझ्या मांडवाला चार खुर्च्या पुरतील, असं वाटलं.

परत येताना एसटीत हे सुमनला बोलून बसलो. ती खिडकीकडं तोंड करून रडत होती, ती थांबली. म्हणाली, “आवं, गेलेल्या माणसावर बी जळता व्हय? काय तरी वाटू द्या.”

वाटतंय की. पण ज्याच्यावर उभी हयात जळलो, तो माणूस गेला म्हणून जळणं एका दिवसात कसं थांबेल? तुम्हाला जाऊन अजून पुरता महिना झालेला नाही. मला थोडा वेळ द्या.

आपण साडू. सुमन थोरली, शैला धाकटी. म्हणून मी थोरला जावई आणि तुम्ही धाकटे. तुम्ही शैलाचं ऐकून मला ‘दाजी’ म्हणायला लागलात आणि मी तुम्हाला ‘पाव्हणं’. एका घरच्या दोन जावयांना लोक तागडीत घालतातच. कुणाला आणायला स्टँडवर कोण गेलं, कुणाच्या ताटात तूप आधी पडलं, कुणाच्या येण्यानं म्हातारा जास्त खुलला. तुमच्या लग्नाआधी त्या तागडीत मी एकटाच होतो आणि फार सुखात होतो. तासगावजवळच्या त्या घरात मी मामांना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, स्वतःच्या हातानं ॲम्प्लिफायर बांधून दिला होता. साताऱ्यात कारखान्यातून सुटलो की रोज रात्री सोल्डरचे डाग देत बसायचो. मामा आल्यागेल्याला ओढत न्यायचे आणि म्हणायचे, “आमच्या थोरल्या जावयानं केलाय. ऐका आवाज!” ऐकणारा कंटाळला तरी सोडायचे नाहीत.

मग तुमचा दिवाळसण आला. तुम्ही विट्याचे, सोनं गाळायच्या धंद्यातले, कोइमतूरला दुकान. अंगठ्या, अत्तर, आणि हातात एक चपटा काळा डबा. मला वाटलं मिठाई असेल. तुम्ही तो मामांच्या टीव्हीला जोडलात. रबरी बटणांचा, घरात वापरायचा कॉम्प्युटर. आमच्या कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, आणि तुम्ही तो सतरंजीवर मांडी घालून चालवत होतात. एका बोटानं काहीतरी टाइप केलंत, एक बटण दाबलंत, आणि मामांचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत टीव्हीवर वरून खाली वाहायला लागलं. थांबेचना. मामा उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. “आरं, सगळ्या टीव्हीभर मीच हाय की!” सगळं घर हसलं.

पुढं तुम्ही म्हणालात, “दाजी, तुमचा डेक देता का जरा? एक खेळ दाखवतो.” कारण त्या डब्याला स्वतःचं काही लक्षात राहत नव्हतं. वीज गेली की सगळं पुसलं जायचं. त्याचे प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचे, आणि हवे तेव्हा डेकवर कॅसेट लावून त्याला ऐकवायचे. मी सासुरवाडीला हौसेनं माझा डेक घेऊन गेलो होतो, मामांना गाणी ऐकवायला. त्याच डेकमधून तो चिरका, खरखरता आवाज निघाला, टीव्हीच्या कडेला पट्ट्या नाचल्या, आणि मधेच सगळं थांबलं. वाचता आलं नाही, अशी इंग्रजी ओळ पडद्यावर आली. दोनदा केलं, तेच. तुम्ही हसून म्हणालात, “डेकला पाहुणा आवडला न्हाई वाटतं.” डेक माझा, फजिती डेकची, आणि त्या फजितीचं कौतुकही तुमचंच. मामांच्या तोंडी पुढची सगळी दिवाळी तुमचा डबा होता. पुढच्या खेपेला गेलो तर माझ्या ॲम्प्लिफायरवर विणलेला रुमाल आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली. तो रुमाल मला अजून दिसतो.

म्हणून मी पण शिकलो. ईर्ष्येनं शिकलो, खोटं कशाला बोलू? तुम्हाला कोइमतूरला भंगारात असाच दुसरा कॉम्प्युटर सापडला, तो तुम्ही मला दिलात. पण चांगला तुम्ही ठेवलात आणि एक बटण गायब असलेला माझ्या पदरात टाकलात, हे मी कधी विसरलो नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मी ते बटण केलं. अजून टिकलंय. तुमच्याकडची रबरी बटणं मात्र पुढं चिकट झाली. हे कळल्यावर मला जो आनंद झाला होता, तो पुढं नातू झाला तेव्हाही झाला नव्हता.

तुम्ही दुकान मुलावर सोपवून विट्याला परत आलात आणि वरच्या मजल्यावर ती खोली केलीत. भिंतभर डेक, दोन मोठे स्पूलचे रेकॉर्डर, जुने स्पीकर, आणि मधल्या टेबलावर कॉम्प्युटर. खोलीला एसी. आमच्या घरात एसी अजून नाही, आणि तुमच्या डेकांना होता. मी महिन्यातून एकदा साताऱ्याहून एसटीनं यायचो, पिशवीत माझ्या कॅसेटी. शैला पोहे करायची. आपण तिन्हीसांजेपर्यंत भांडत बसायचो.

मी किल्ला केला होता. आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा जसा दिसतो, तसा पडद्यावर एकेक रेघ ओढत जायचा. मला वाटायचं फार थोर काम आहे. तुम्ही बघितलात, जांभई दिलीत आणि म्हणालात, “दाजी, तुमचा किल्ला बांधून हुईस्तवर पोरांची लग्नं हुतील.” तुम्ही केली होती बैलगाड्यांची शर्यत. एक गाडा विट्याचा, एक साताऱ्याचा, आणि धूळ म्हणून ठिपके उडायचे. दोन्ही घरची पोरं त्याच्यावर तुटून पडायची. माझ्या किल्ल्यापुढं एक पोरगं पुरता वेळ बसलं असेल, तर शपथ.

आणि तुमचा तो कान! जिन्यात चहाचा कप घेऊन उभे असायचात, खोलीत कॅसेट चालू असायची. तुम्ही खालूनच ओरडायचात, “बंद करा, आता अडकनार!” आणि खरंच पुढच्या क्षणाला अडकायची. मी पट्ट्या बघत समोर बसलेला, मला काही कळायचं नाही. तुम्ही आवाजावरून सांगायचात, कॅसेट कुठं दबली, कुठं ताणली. असा कान शिकून येत नाही. देवानं तो एका सोनं गाळणाऱ्याला दिला आणि आयुष्यभर डाग देणाऱ्या मला नाही दिला, याचा मला देवाशीही राग आहे.

पण माझ्याकडं एक गोष्ट होती. एकच. माझ्या कॅसेटी तुमच्याकडं पहिल्या फटक्यात लोड व्हायच्या. साताऱ्यात माझ्या डेकवर भरलेली कॅसेट विट्यात तुमच्या चंदेरी डेकात घातली, की सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुमान जायची. तुमच्या कॅसेटी मी साताऱ्याला आणल्या, तर माझ्या डेकवर एकही धड चालायची नाही. तुमची शर्यत मी माझ्या घरात कधी बघितलीच नाही. म्हणजे काय सिद्ध झालं? भरायला मला येतं, तुम्हाला येत नाही. हे मी तुम्हाला दर महिन्याला ऐकवायचो. “पाव्हणं, कॅसेट अशी भरावी, की कुठल्याबी डेकवर चालली पायजे.” तुम्ही मान हलवायचात. “व्हय दाजी, तुमच्या हाताला गुण हाय.”

माझी कॅसेट तुम्ही नेहमी स्वतः घालायचात, आणि नेहमी त्या चंदेरी डेकातच. बाकीचे डेक मोकळे असले तरी. “तुमच्या कॅसेटीला मान हाय, दाजी. तिला चांदीच्या घरात बसवायची.” त्या डेकाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मला वाटायचं, असाच पाहिजे. मानाचा पाहुणा, मानाची जागा.

एका गोष्टीवरून मात्र आपलं शेवटपर्यंत वाजलं. माझी किल्ल्याची पहिली कॅसेट तुम्ही ठेवून घेतलीत. मागितली की म्हणायचात, सापडत नाही. पुढच्या खेपेला शोधतो. कितीदा मागितली असेल? मला खात्री होती, की तुम्ही तिच्यावरून कॉपी मारून कुणालातरी दाखवताय. शेवटच्या भेटीतही मी म्हणालो, “पाव्हणं, किल्ला द्या आमचा परत.” तुम्ही हसलात, “किल्ला असा सोडत असत्यात व्हय?” ते आपलं शेवटचं भांडण. मिटलं नाही.

आता तेराव्याचं सांगतो, कारण तुम्ही तिथं असून नव्हतात.

जेवणं झाली, माणसं पांगली. शैलानं मला आणि शिरवळच्या सुभेदारांना वर बोलावलं. सुभेदारांना तुम्ही चारपाच वर्षांपूर्वी गोळा केलंत. फौजेत बिनतारी खात्यात नोकरी केलेला माणूस, जुन्या यंत्रांचा वेडा. माझ्यासारखाच. माझ्यासारखा दुसरा कशाला हवा होता तुम्हाला? त्यांच्याबरोबर तुम्ही एकेरीवर होतात, ‘गड्या’ म्हणायचात. आपण कधी एकेरीवर आलो नाही. त्यांना तुम्ही एक स्पूल रेकॉर्डर देऊन टाकलात, मला विचारलंदेखील नाही. आणि त्या दिवशी ते मांडवात सगळ्यांना सांगत होते, “शुक्रवारी रात्री फोनवर बोललो आमी. झकास हुता.” माझा फोन गुरुवारचा. एक दिवसानं तो माणूस माझ्या पुढं गेला. एवढ्याशा गोष्टीनं मला त्यांच्या शेजारी बसून जेवण गेलं नाही, आणि जिलेबी होती.

शैला दारात उभी राहिली. म्हणाली, “कुनाला काय न्यायचं ते बगा. मला ह्यातलं काय कळत न्हाई. पन आधी काय तरी लावा. तेरा दिस घर लय गप हाय.”

मी लगेच म्हणालो, “मला फक्त तो चंदेरी डेक दे. दुसरं काही नको.” म्हणजे माझी एकुलती एक जीत मला घरी न्यायची होती. सुभेदार म्हणाले, “डेक तर मलाबी आवडला आसता, साहेब. पन बघू तरी कसा चालतोय.” आणि मी अडवायच्या आत त्यांनी तुमची शर्यतीची कॅसेट चंदेरी डेकात घातली.

आवाज आला तो असा, जसा कुणी घोंगडं पांघरून बोलतंय. पट्ट्या जरा नाचल्या आणि बंद. वाचता आलं नाही. सुभेदारांनी दुसरी कॅसेट घातली, तिसरी घातली. सगळ्या तुमच्याच हातच्या. एकही चालेना. शेजारच्या काळ्या डेकात त्याच कॅसेटी घातल्या, तर लख्ख.

“विलासच्याच डेकवर विलासच्याच कॅसेटी चालंनात?” सुभेदार पुटपुटले. मग त्यांनी झाकणाच्या आत बॅटरी मारून बघितलं. डेकच्या आत छोटं हेड असतं, ज्याच्यावरून टेप घासत जाते, आणि हेडच्या कडेला स्क्रू असतो. स्क्रू जरा फिरला की हेड कलतं. कललेल्या हेडवर भरलेली कॅसेट तेवढ्याच कललेल्या हेडवर स्पष्ट वाजते, सरळ हेडवर ती दबते. गाण्याचं तसं चालून जातं, कॉम्प्युटरला चालत नाही.

“साहेब, ह्याचं हेड टेढं हाय. लय टेढं. आन हे आपोआप झालेलं न्हाई. सील मारलंय.”

मी वाकून बघितलं. स्क्रूवर नेलपॉलिश होतं. ही तुमची पद्धत. हेड मनासारखं लागलं, की ते हलू नये म्हणून शैलाच्या बाटलीतला थेंब त्याच्यावर सोडायचात. पण हा एक थेंब नव्हता. खाली जुना काळपट डाळिंबी, त्याच्यावर गुलाबी, त्याच्यावर लाल. थरावर थर. म्हणजे पुन्हा पुन्हा सील फोडलंय, हेड लावलंय आणि पुन्हा सील केलंय.

माझ्या पिशवीत माझी एक कॅसेट होती. सुभेदारांनी ती घेतली आणि चंदेरी डेकात घातली. घोंगडं निघालं. तोच चिरका, धारदार आवाज. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुमान गेली.

शैला दारातून म्हणाली, “त्यो दाजींचाच डेक हाय. हे तसंच म्हनायचे, ‘दाजींचा डेक’. तुमी यायचं ठरलं, की आदल्या दिवशी त्यो किल्ला लावून बसायचे आन बारीक स्क्रू डायव्हरनं काय तरी करत ऱ्हायाचे. मी खाली भांडी घासायची, आन किल्ल्याचा आवाज आला की म्हनायची, उद्या पोहं जास्त भिजवायला पायजेत.”

आणि तिनं खणातून माझी किल्ल्याची कॅसेट काढून दिली. लेबल झिजून पांढरं पडलेलं.

मी विचारलं, “मग मला कधी सांगितलं का न्हाई?”

“मी म्हनले हुते, दाजींना सांगा, त्यांचं हेड वाकडं हाय, सरळ करून घेतील. तर म्हनाले, दाजींनी त्यांच्या लग्नाच्या कॅसेटवर हेड लावलंय. ते हलवा म्हनून कोन सांगनार?”

पाव्हणं, हे खरं आहे. तुमच्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. माझ्या लग्नात सुमनच्या चुलत्यानं कुठल्यातरी टेपरेकॉर्डरवर सगळं भरलं होतं. बँड, मंगलाष्टका, आणि सुमननं घेतलेला उखाणा. माझा डेक आणल्यावर मी ती कॅसेट लावली तर उखाणा धड कळेना. म्हणून मी हेडचा स्क्रू फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि एका जागी सुमनचा आवाज असा स्वच्छ आला, की ती स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून पळत आली. मी तिथंच थांबलो. माझ्या लेखी तेच सरळ. तुम्हाला हे मी पहिल्या वर्षी कौतुकानं सांगितलं होतं, आणि विसरून गेलो. तुम्ही विसरला नाहीत.

सुभेदार खाली गेले. मी एकटाच तिथं बसलो आणि रडलो, पण खरं सांगतो, त्यात निम्मा संताप होता. सगळं तुमच्याकडंच होतं. दुकान, कान, एसी, मामांचा लाड, गाडीभर रडणारी माणसं. मला एक जीत होती, तीही तुम्हीच मला दर महिन्याला वाढून देत होतात, आणि वर माझं प्रवचन ऐकून घेत होतात. निदान मोठं मन तरी माझ्यासाठी ठेवायचं. थोरला मी होतो.

तुम्ही असतात, तर यावर चांगलं भांडता आलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, “दाजी, स्क्रू तर हाय. त्यात काय एवढं?” आणि मी म्हणालो असतो... काय म्हणालो असतो कोण जाणे. तुमच्या तोंडावर मी कधी एक धड चांगला शब्द काढला नाही. तुमच्या वरच्या खोलीची वाट मी महिनाभर बघायचो, हेही कधी बोललो नाही. एसटी लेट झाली, म्हणून कुरकुरतच जिना चढायचो.

चंदेरी डेक मी मांडीवर घेऊन एसटीनं आणला. सुभेदार गाडीनं सोडतो म्हणत होते, त्यांचे उपकार नको म्हटलं. शर्यतीची कॅसेटही मागून घेतली. घरी आल्यावर दोन दिवस काही लावलं नाही. टेबलावर आता दोन डेक शेजारी शेजारी होते, माझा आणि तुमचा, दोघांचीही हेडं एकसारखी कललेली. तुमची शर्यत त्यातल्या एकावरही चालली नसती. चालवायची तर कुठलातरी एक स्क्रू हलवायला हवा होता. तुमचा मी हलवणार नव्हतो. तो तसाच राहणार, थरांसकट.

काल दुपारी मी माझ्या डेकचं झाकण काढलं. सुमन समोर भाजी निवडत बसली होती. तिनं स्क्रू डायव्हर बघितला.

“आवं, ते आपल्या लग्नाच्या कॅसेटवर लावलेलं हुतं नव्हं?”

“तिला आता दुसरा डेक हाय,” मी म्हणालो.

तुमची कॅसेट लावली. घोंगड्यातला आवाज. स्क्रू किंचित फिरवला, अजून घोंगडं. जरा जास्त झालं, मागं आणलं. मला तुमचा कान नाही, म्हणून वेळ लागला. सुमन म्हणाली, “आता बरा आला की.” तिला कळलं आणि मला नाही. आता तिच्यावर जळायची पाळी. मग मलाही ऐकू आलं. आवाजाची धार वर आली, विट्याच्या त्या खोलीत यायची तशीच. कॅसेट उलटी गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून लावली. पट्ट्या नाचल्या, नाचत राहिल्या, अडकल्या नाहीत. आमच्या घरात पहिल्यांदा तुमचे बैल पळाले. धुळीचे ठिपके उडाले. मी जिवाच्या आकांतानं बटणं दाबली, सायकलच्या ट्यूबचंसुद्धा दाबलं. विट्याचा गाडा पुढं गेला. पुन्हा खेळलो, पुन्हा विट्याचाच. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम उघडून बघितला, तर सातारचा गाडा जिंकायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. हलकटपणा आहे हा, पाव्हणं. पोरांना एवढी वर्षं कळलं कसं नाही?

मी हसलो. मग सुनेची नेलपॉलिशची बाटली आणून माझ्या डेकच्या स्क्रूवर एक थेंब सोडला. आता तो हलायचा नाही.

संध्याकाळी सुमननं लग्नाची कॅसेट लावायला सांगितली. सवयीनं मी ती माझ्या डेकात घातली. बँड दबलेला, मंगलाष्टका दबलेल्या. काढून तुमच्या डेकात घातली आणि तिचा उखाणा खोलीभर आला, एकेक अक्षर कळेल असा. नाव माझं घेतलेलं, आवाज माझ्या बायकोचा, कॅसेट माझ्या लग्नाची. आणि ऐकायला डेक लागतो तुमचा. आता मी जळू नको, तर काय करू?